खान्देशात एकटीनं फिरताना जेवायचं कसं

पुण्याहून एकट्याच निघून जळगाव, अजिंठा, चाळीसगावजवळचं पाटणादेवी आणि शेवटी धुळे असा तुमचा बेत आहे. गाड्या ठरल्या, लॉज ठरले, पण हॉटेलात एकटीनं टेबल अडवून बसायची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मागच्या सहलीत निम्मी जेवणं खोलीवर पार्सल आणून किंवा बिस्किटांवर भागवलीत. 'किती जण?' असं वेटरनं विचारलं की भूकच मरते, हे तुमचं वाक्य वाचलं आणि सविस्तर लिहायचं ठरवलं. खान्देशात येऊन कुणी बिस्किटं खाऊन परत जावं, हे मला खरंच लागतं.

मी जळगावची. बँकांच्या शाखा तपासायचं काम बरीच वर्षं केलं. चोपडा, अमळनेर, पारोळा, शहादा, सगळीकडे दुपारचं जेवण बाहेर आणि बहुतेक वेळा एकटीनंच. तेव्हा जे सांगते ते याच भागातलं आणि बाईमाणसाच्या बाजूचं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आमच्याकडचं नावाजलेलं खाणं मुळात घोळक्यासाठी रांधलेलं असतं. भरीत म्हटलं की शेतातली भरीत पार्टी, वरण-बट्टी म्हटली की लग्न नाहीतर भंडारा. शेवभाजी मागवली की दोघांना पुरून उरेल एवढा रस्सा येतो. त्यामुळे एकटं माणूस चुकीच्या ठिकाणी चुकीच्या वेळी बसलं, की समोर ढीगभर अन्न, आजूबाजूला आठ-आठ जणांची टेबलं आणि मधे आपण. अवघडलेपण बरंचसं इथून येतं. लोकांच्या नजरेचा त्यात वाटा आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. म्हणून जिथे एकेकटी माणसं रोज जेवतात तिथे, त्यांच्याच वेळेला जायचं. एवढं साधलं तर निम्मं ओझं उतरतं.

अशी पहिली जागा म्हणजे भोजनालय. तालुक्याच्या कुठल्याही गावात बसस्टँडच्या आसपास दोन-तीन तरी सापडतात. दुपारी साडेबारा ते दोन या वेळात तिथे कोर्टाच्या तारखेला आलेले, बाजाराला आलेले, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बदलीवर आलेले शिक्षक असे सगळे एकेकटेच बसलेले असतात. आत शिरताना टेबल शोधत उभं राहू नका. सरळ गल्ल्यावर जा आणि वेटरनं विचारायच्या आत तुम्हीच सांगा, 'एकटीच आहे, जेवायचंय, कुठे बसू?' तुम्ही विचारलंत की बसवायची जबाबदारी त्यांची होते, आणि गल्ल्यावरचा माणूस ती मनापासून घेतो. बहुतेकदा तो गल्ल्याजवळचं, भिंतीकडे पाठ येईल असं टेबल देतो. नाही दिलं तर तेच मागून घ्या. तिथून रस्ता दिसतो, मालकाचं लक्ष राहतं आणि हात धुवायला जाताना पिशवीवर नजर ठेवता येते.

गर्दी असली तर समोरच्या खुर्चीवर कुणालातरी आणून बसवतील. आमच्याकडे त्यात गैर काही मानत नाहीत. तुम्हाला नको असेल तर 'बाईमाणूस असेल तर बसवा' एवढं पुरतं. थाळीत पोळ्या गरम गरम येत राहतात आणि वाढणारा मुलगा ताटाकडे बघतच असतो, म्हणून आधीच सांगावं, 'एकेक वाढ, मी सावकाश जेवते.' नको झाल्यावर नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, ताटावर आडवा हात धरावा लागतो.

दुसरी जागा भरीत सेंटर. थंडीच्या दिवसांत जळगावात ही दुकानं जोरात असतात आणि एकट्या माणसाला याहून सोयीचं ठिकाण नाही, कारण भरीत वजनावर मिळतं. पाव किलो घ्या, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणं म्हणजे ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळलेलं पीठ. तिथे माणसं उभ्यानं, बाकावर, दुचाकीला टेकून खातात, कुणी कुणाकडे बघत नाही. वांगी भाजताना मात्र जरूर बघा. यावल तालुक्यातल्या बामणोदची ही हिरवी-पांढरी लांबडी वांगी प्रसिद्ध आहेत आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ती साल काळीठिक्कर होईपर्यंत भाजतात, सोलतात, मग हिरवी मिरची, लसूण आणि मिठाबरोबर लाकडी भांड्यात ठेचतात. वरून तेलात परतलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. लाल तिखट नाही, टोमॅटो नाही. ठेचणाऱ्या मावशींशी बोला. अहिराणी बोलणारी कुणी असेल तर विचारेल, 'एकलीच शे का, माय?' या प्रश्नात काळजी असते. 'हो मावशी, एकटीच फिरतेय' म्हटलंत की ताटलीत मुळ्याची एखादी फोड आणि कांदा जास्तच पडेल.

शेवभाजीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण पार्सलवर राहणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान तिच्यात होतं. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळत असतो, त्यात जाड तिखट शेव अगदी शेवटी पडते. ताटात आल्यावर शेव बाहेरून मऊ आणि आत जराशी कुरकुरीत असते. ही अवस्था फार वेळ टिकत नाही. पार्सल खोलीवर नेऊन डबा उघडेपर्यंत शेवेचा पिठलेवजा गोळा झालेला असतो आणि रस्सा तिनं पिऊन टाकलेला असतो. म्हणून शेवभाजी तिथेच बसून खा. अगदीच नेणं भाग पडलं तर 'शेव वेगळी बांधा' असं सांगा, कुणालाही यात नवल वाटणार नाही.

हॉटेलात 'हाफ मिळेल का?' हे बेधडक विचारा. मेनूकार्डावर नसलं तरी बऱ्याच ठिकाणी देतात. तिखटाचं म्हणाल तर 'कमी तिखट करा' म्हणून फार फरक पडत नाही, कारण रस्सा सकाळीच तयार झालेला असतो. त्याऐवजी 'वरची तर्री घालू नका' असं म्हणा आणि सोबत ताक किंवा दही मागवा. भाकरी ज्वारीची की बाजरीची तेही विचारा. शेवभाजीशी मला बाजरीची आवडते, पण तिखटाची सवय नसेल तर ज्वारीची बरी.

रात्रीचं जेवण हीच खरी अडचण, हे मान्य करते. मोठ्या रस्त्यांवरची पुष्कळ हॉटेलं संध्याकाळनंतर परमिट रूम होतात. पाटी नीट वाचा. 'परमिट रूम' लिहिलेलं आणि काचा काळ्या असतील तर पुढे चला. जिथे तळमजल्यावर बार आणि वर पडदे लावलेली 'फॅमिली रूम' असते, तिथे एकट्या बाईला वर पाठवतात. हेतू चांगलाच असतो, पण त्या बंद खणात बसून मला कधी मोकळं वाटलं नाही. त्यापेक्षा समोरचा उघडा, उजेडाचा, 'शुद्ध शाकाहारी' पाटीचा हॉल निवडा. सात ते साडेआठ ही वेळ धरा. तेव्हा लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं असतात. नऊनंतर टेबलांवरची माणसं बदलतात, आवाजही बदलतो. रात्री भारी खायचा अट्टाहासही नको. आमच्या घरोघरी रात्री तुरीच्या डाळीची खिचडी असते, वर कच्चं शेंगदाणा तेल आणि भाजलेला पापड. हॉटेलात डाळ-खिचडी सांगितलीत तर एकटीला पुरेशी होते, उरत नाही आणि झोपही नीट लागते. दुपारी पोटभर आणि रात्री हलकं, हे आमच्या उन्हाच्या मुलखात सोयीचंच पडतं.

आता नजरेचं. लोक बघतील, विचारतीलही. आमच्याकडचा पहिला प्रश्न 'कुठून आलात?' आणि दुसरा 'कुणाकडे आलात?' असतो. अनोळखी बाई गावात म्हणजे कुणाची तरी पाहुणी, असं गृहीतच धरलेलं असतं. तुटक उत्तर दिलंत तर कुतूहल वाढतं. 'पुण्याची आहे, अजिंठा बघायला आले' असं पूर्ण वाक्य बोला, की माणसं लगेच मदतीच्या सुरात येतात. कुठल्या लॉजवर उतरलात, खोलीत अजून कोण आहे, उद्या कितीच्या बसनं निघणार, हे मात्र कुणालाही सांगायचं नाही. विचारणारा कितीही भला वाटला तरी नाही. कुणी लांबण लावायला लागलं तर 'आधी जेवून घेते' म्हणून ताटाकडे वळा. अन्नासमोरच्या माणसाला अडवू नये हे इथे सगळे पाळतात. आणि एखाद्या ठिकाणी आत शिरताच मनाला बरं वाटलं नाही, तर कारण शोधत बसू नका. 'नंतर येते' म्हणून बाहेर पडा. पाणी प्यायलं म्हणून जेवलंच पाहिजे असं काही नाही.

मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका असंही सांगेन. त्यानं आपण लपतो असं वाटतं, पण वाढणाऱ्याशी, मालकाशी नजरानजर होत नाही आणि मग आपण खरोखरच एकटे पडतो. वही काढा, वर्तमानपत्र मागा, भोजनालयात एखादं असतंच. नाहीतर नुसतं जेवा.

आता तुमच्या ठिकाणांचं थोडक्यात. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, तेवढा वार टाळा. जळगावहून अंतर साठ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तिथलं खाणं पर्यटकांसाठीचं आहे, खान्देशी चव शोधायला जाऊ नका. फर्दापूर फाट्याला खासगी गाडी थांबते आणि पुढे लेण्यांपर्यंतची बस घ्यावी लागते, त्यामुळे जेवणाची वेळ हमखास चुकते. जळगावहून निघतानाच केळी आणि दशम्या बरोबर ठेवा. एकटीनं डबा खायला लेण्यांसमोरच्या झाडांखाली जागा शोभते, पण माकडांपासून पिशवी जपा.

पाटणादेवी चाळीसगावहून साधारण अठरा-वीस किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापला, त्याची नोंद असलेला शिलालेख इथलाच, शके 1128चा. बघण्यासारखं खूप, खाण्याची सोय मात्र जेमतेम. चाळीसगावात पोट भरून निघा किंवा शिदोरी न्या. एकट्या असाल तर दुपार टळायच्या आत परत फिरा.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ बघणार असाल तर दुपारचं जेवण शहरातच उरकून घ्या. महामार्गावरचे ढाबे चवीला उत्तम, पण स्वतःचं वाहन नसताना तिकडे एकटीनं जाण्यात अर्थ नाही. दिवसा ओळखीचा रिक्षावाला थांबत असेल तरच.

खापरावरच्या मांड्यांचं, म्हणजे पुरण भरलेल्या मोठ्या पातळ पोळ्यांचं, तुम्ही शेवटी विचारलंय. ते हॉटेलात सहसा मिळत नाहीत आणि एकीसाठी कुणी खापर तापवत नाही. चूल पेटवून, उपडं खापर तापवून हातावर मांडा मोठा करत नेणाऱ्या बायका ऑर्डर घेऊन करतात, तीही चार-पाचची. लॉजच्या बाईंना विचारा, त्यांच्या ओळखीत कुणीतरी करणारी निघते. हिवाळ्यात बचत गटांचे खाद्यमहोत्सव भरतात, तिथे मात्र एक मांडाही मिळतो, आणि समोर बसून तो कसा होतो हे बघताही येतं.

तुम्ही डिसेंबर-जानेवारीत येत असाल तर भरीत पहिल्याच दिवशी दुपारी खाऊन घ्या. चांगल्या ठिकाणी ते दुपारीच संपतं, आणि पहिलं जेवण उभ्यानं, मावशींशी गप्पा मारत झालं की संध्याकाळी टेबलावर बसणं तुम्हाला सोपं जाईल. तारखा पक्क्या झाल्या की कळवा. कुठल्या दिवशी कुठल्या गावचा आठवडे बाजार आहे ते बघून सांगते, त्या दिवशी तिथली भोजनालयं दुपारपासूनच भरलेली असतात आणि ताजी भाकरी मिळते.