माहितीपटातली मुलाखत: वाचकांचे प्रश्न

जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एका आजींची मुलाखत चित्रित केली. कॉलर माइक लावला होता, तरी आवाजात खरखर आहे, मध्येच टिकटिक होते आणि मागे सतत घूं ऐकू येतं. संकलनात हे निघेल का?

घूं बऱ्यापैकी निघेल. खरखर आणि टिकटिक शब्दांवरच बसलेली असेल तर निघणार नाही, काढायला गेलात तर शब्दही कापले जातील.

खरखर कापडाची असते. माइक पदराला अडकवला की आजी पदर सारखा करतात तेव्हा तोही सरकतो आणि साडीचा काठ त्यावर घासतो. म्हणून तो पदराला न लावता ब्लाउजच्या गळ्यापाशी, हनुवटीपासून साधारण वीतभर खाली लावा. हे काम घरातल्या किंवा तुमच्या चमूतल्या बाईंना करू द्या. माइकखाली वायरचा छोटा वळसा घेऊन तो मेडिकल टेपने चिकटवा, म्हणजे वायर ओढली गेली तरी हिसका माइकपर्यंत पोचत नाही. टिकटिक बहुधा गळ्यातल्या मण्यांची किंवा बांगड्यांची असते. दागिना काढायला सांगू नका. माळ पदराआड सरकवली तरी पुरतं.

याहून चांगलं म्हणजे बूम माइकही (लांब दांड्यावर धरायचा माइक) वापरा. चौकटीच्या जेमतेम बाहेर, डोक्याच्या वर दीड-दोन फुटांवर धरून त्याचं तोंड छातीकडे ठेवा. दोन्ही माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या. बोलताना पातळी उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या आसपास असावी. पण ओवी सुरू झाली की तोच गळा एकदम चढतो, त्यामुळे गाण्याआधी गेन (माइकचा आवाज किती वाढवून टिपायचा ते) उतरवा. फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

घूं फ्रिजची किंवा पंख्याची. दोन्ही बंद करा. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे तो सुरू केल्याशिवाय निघता येणार नाही. एप्रिलमध्ये पंख्याविना वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ वयस्कर माणसाला बसवू नये, टप्पे करा. पत्र्याच्या घरात आवाज घुमत असेल तर चौकटीबाहेर दोन-तीन गोधड्या टांगा. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज साठ सेकंद टिपा. संकलनात दोन वाक्यांमधली फट त्यानेच बुजवायची असते. आणि हे सगळं ऐकायला कान झाकणारा हेडफोन हवा. आवाजाचे पट्टे हलताना दिसतात म्हणून आवाज चांगला येतोय असं होत नाही.

निवृत्त गिरणी कामगारांवर फिल्म करते आहे. समोरचे काका ‘हो’, ‘तसंच होतं तेव्हा’ एवढंच बोलतात. प्रश्न चुकतात की माणूस?

प्रश्न. “काका, संपाचा काळ फार कठीण होता ना?” यात उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत, त्यांनी ‘हो’शिवाय म्हणायचं काय? त्याऐवजी विचारा, “१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, त्या दिवशी तुमची पाळी कुठली होती? गेटवर काय दिसलं?” पाळी, गिरणीतलं खातं, खोलीत झोपणारी माणसं, खानावळीचं बिल, असं हाताला लागणारं काहीतरी विचारलं की बोलणं आपोआप सुरू होतं. संपाबद्दलचं मत नंतर येतं, आणि ते तेव्हा खरंही असतं.

तुमचा प्रश्न फिल्ममध्ये राहणार नसेल तर उत्तर स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. “दुसऱ्या पाळीला” हा तुकडा वापरता येत नाही, “त्या दिवशी मी दुसऱ्या पाळीला होतो” हे वाक्य येतं. व्याकरणाचा धडा न देता इतकंच म्हणा, “काका, माझा आवाज फिल्ममध्ये नसेल, मला सगळं मुळापासून सांगा.”

उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात पाच आकडे मोजा आणि मगच पुढे जा. बरेचदा खरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या आकड्यालाच निघते. मध्ये ‘हं, हं’ करू नका, तुमचा हुंकार त्यांच्या वाक्यावर बसतो. नुसती मान हलवा. प्रश्नांचा कागद मांडीवर नको, तुमची नजर खाली गेली की त्यांचीही जाते. खुर्ची लेन्सला खेटून आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा.

आदल्या दिवशी भेटायला गेलात तर घराची, उजेडाची, जेवणाची चौकशी करा, पण मुख्य प्रसंग ऐकून घेऊ नका. नाहीतर कॅमेऱ्यासमोर “काल सांगितलं ना” येतं आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यातला जीव गेलेला असतो. संमतिपत्र मराठीतच करा आणि सहीआधी वाचून दाखवा.

ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रात आडवे पट्टे सरकतात.

आपली वीज ५० हर्ट्‌झची. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) १/५० सेकंद ठेवा. मोबाइल बहुधा ३० फ्रेमवर असतो, तो बदलून घ्या. स्वस्त एलईडी दिवा तरीही लुकलुकला तर तो बंद करून खिडकीचा उजेड वापरा.

चौदा तासांचं फुटेज आहे, फिल्म पंचवीस मिनिटांची. सुरुवात कुठून करू?

कागदापासून. आधी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत काढा. सेकंदाला १०० मेगाबिटच्या चित्रीकरणाला तासाला सुमारे ४५ जीबी लागते, म्हणजे एका प्रतीला सुमारे ६३० जीबी. मग मुलाखती शब्दशः, वेळेच्या नोंदीसह लिहून काढा. एका तासाला चार-पाच तास सहज जातात. कंटाळवाणं काम आहे, पण संगणकाने उतरवलेली मराठी, त्यातही बोलीतली, तपासल्याशिवाय वापरू नका. वाक्यं अधोरेखित करा, कात्रणं जमिनीवर मांडा, क्रम लावा आणि मगच संकलनाच्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन उघडा. वाचायला छान वाटलेलं एखादं वाक्य ऐकताना सपाट निघतं. ते सोडून द्या.

वय २३, पदवीधर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला जावं की थेट काम धरावं? यावर पोट भरतं का?

१९६०मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत दूरचित्रवाणी विभागाचे दिग्दर्शन, छायांकन, संकलन आणि ध्वनी असे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत आणि ते पदवीधरांसाठीच आहेत. प्रवेश मिळाला तर जा. नाही मिळाला तर संकलकाच्या किंवा ध्वनिमुद्रकाच्या हाताखाली वर्षभर काढा. कॅमेऱ्यामागे गर्दी असते. ध्वनीला माणूस मिळत नाही, आणि हेडफोन लावून शंभर मुलाखती ऐकलेल्याला प्रश्न कुठे चुकतो ते कळायला लागतं.

माहितीपट बनवणारी सरकारी फिल्म्स डिव्हिजन २०२२मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाली, त्यामुळे सरकारी माहितीपटकाराच्या जुन्या कायम नोकरीची आशा धरू नका. भाडं निघतं ते संस्थांच्या, कंपन्यांच्या आणि प्रशिक्षणाच्या फिल्ममधून. त्यांच्याशी करार लेखी करा: आगाऊ ४० टक्के, चित्रीकरण संपल्यावर ४० आणि अंतिम प्रत देताना २०, बदलांच्या फक्त दोन फेऱ्या, आणि कच्चं फुटेज कोणाकडे राहणार तेही. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे. स्वतःची फिल्म पुढे महोत्सवाला पाठवायची असेल तर ती परवानगी त्याच करारात मागून घ्या.