डिसेंबरात घरात आणलेल्या कढीपत्त्याची पाने गळत आहेत. ग्रो लाइट घ्यावा का?

टोरांटोच्या थंडीत कढीपत्त्यासाठी दिवा घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. दिव्याचे नंतर पाहू; आधी सांगा, त्याला पाणी किती घालता?

आम्ही शिकागोजवळ राहतो. माझ्या बाळंतपणासाठी आई-बाबा सांगलीहून ऐन डिसेंबरात आले. आई अळिवाच्या लाडवांत आणि बाळाच्या शेकात गुंतली आणि बर्फामुळे घरात अडकलेल्या बाबांनी माझा कढीपत्ता ताब्यात घेतला. रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी. पाने पिवळी पडू लागली तसे दोन तांबे. मी अडवले की, "जन्मभर ऊस लावला, मला पाणी शिकवतेस?" फेब्रुवारीत कुंडी उपडी केली तेव्हा मुळे काळी पडली होती, चिमटीत धरताच त्यांची साल सुटून येत होती आणि मातीला तुंबलेल्या मोरीचा वास येत होता. झाड खिडकीच्या गारठ्याने गेले, असे बाबा अजूनही फोनवर सांगतात.

ते गारठ्याने गेले नाही. इकडे डिसेंबरात दिवस जेमतेम 9 तासांचा असतो. उजेड घटला की कढीपत्ता वाढ थांबवतो, पाणी फारसे ओढत नाही, आणि सतत ओल्या मातीत हवा न मिळाल्याने मुळे कुजतात. पुढच्या झाडाला मी बोटाची दोन पेरे माती कोरडी लागल्याशिवाय पाणी घातले नाही, म्हणजे साधारण 15 दिवसांनी एकदा. जानेवारीत त्याच्या नुसत्या काड्या उरल्या, पण नखाने साल खरवडली तर आत हिरवी होती. एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर बाबांना फोटो पाठवला. उत्तर आले, "आता तरी पाणी घाल."

दिवा घ्यायचा असेल तर पांढऱ्या उजेडाचा साधा एलईडी फूटभर उंचीवर, दिवसाला 12 तास पुरे; जांभळ्या दिव्यांवर पैसे घालवू नका. मात्र दिव्याखाली झाड वाढत राहिले तर माती लवकर सुकेल, तेव्हा माझे 15 दिवस पाठ न करता बोट घालून पाहावे. शिवाय रात्रीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर कुंडी आत आणली असेल, तर थोडी पानगळ त्यामुळेही असू शकते. पाने चिकट लागत असल्यास देठांवर खवले कीड शोधा आणि कापडाने पुसून काढा. ती मात्र आमच्याकडे बाबांनीच, चष्मा न लावता, ओळखली होती.