पाठवतो एवढं, पण वाचतं कोण?

“मॅडम, मी एवढं चांगलं चांगलं टाकतो, पण वाचतं कोण?”

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की पहिले तीन शब्द आले की पुढचे माझे मलाच ऐकू येतात. बोलणारी माणसं मात्र दर वेळी वेगळी. तासाभरात वीस लाइक आले नाहीत तर स्वतःचं चित्र काढून टाकणारी कलाशाखेची मुलगी. आवडत्या नटाबद्दल कुणी वाकडं लिहिलं की रात्री दोनपर्यंत उत्तरं देत बसणारा इंजिनिअर. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या रोज सकाळी सोसायटीच्या गटावर एक संपादकीय टाकायच्या आणि त्याखाली पाच जण गुलाबाच्या फुलासकट ‘सुप्रभात’ म्हणायचे. आठ महिने हा कार्यक्रम चालला होता.

मी समुपदेशक आहे, पण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे थेट कुणीच येत नाही. झोप लागत नाही म्हणून येतात, चिडचिड होते म्हणून येतात, बायकोने हाताला धरून आणलं म्हणून येतात. हे वाक्य निघतं तिसऱ्या-चौथ्या भेटीत, वेळ संपल्यावर, दाराशी चपला घालता घालता. मी चपलांकडे नेहमी लक्ष ठेवून असते.

आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, सहकारी बँकेत अधिकारी, मुक्काम पुणे. त्यांच्या पुतण्याने त्यांना एक नाव ठेवलं होतं, तेच इथे वापरते. लिंककाका.

खरं तर त्या नावामुळेच ते माझ्यापर्यंत आले. घरच्या गटावर दिवाळीच्या फराळाची वाटणी चालली होती, चकल्या कुणी करायच्या, अनारसे विकत आणायचे का वगैरे. त्यात काकांनी चित्रकार गायतोंडे यांच्यावरचा एक लेख टाकला. पुतण्याने खाली लिहिलं, “लिंककाका आले, पळा!” त्यावर हसण्याच्या अकरा खुणा पडल्या, आणि त्यातली एक काकांच्या सख्ख्या बहिणीची होती. काकांनी त्याच रात्री गट सोडला. वहिनींनी दोन दिवसांनी परत जोडून घेतलं, पण त्या दोन दिवसांत काका कुणाशी धड बोलले नाहीत.

“नागपुरात जन्मलेला माणूस,” काका मला तावातावाने सांगत होते, “न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आणि आमच्या घरात एकाला नाव माहीत नाही! मी सांगतो तर म्हणे, पळा.”

“आणखी काय काय टाकता?”

“सगळंच. चित्रकला, सिनेमा, पंचम, राजकारण.”

‘पंचम’ म्हणताना त्यांचा चेहरा उजळला. राहुलदेव बर्मन यांचे भक्त ते. २७ जून आणि ४ जानेवारी हे त्यांचे सणवार. ‘राजकारण’ म्हणताना मात्र हात टेबलावर पालथ्या घातलेल्या फोनकडे गेला. राजकारणाने घरोघरी काय केलंय ते मी रोज बघते. २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात दोन पक्ष फुटले आणि त्यांच्यामागोमाग शाळासोबत्यांचे, गावकीचे, भावकीचे कितीतरी व्हॉट्सॲप गटही फुटले. पंचमप्रेमींच्या गटातली भांडणंही काही कमी नसतात म्हणा. सलील चौधरी मोठे की पंचम, यावरून दोन सभ्य माणसांनी एकमेकांचे बाप काढलेले काकांनी मला दाखवले.

इथे माझी एक चूक सांगते. मला वाटलं, सरळ प्रकरण आहे, माणसाला दाद हवी आहे. माझी जडणघडण विवेकनिष्ठ मानसोपचारात झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली ही विचारपद्धती मला आजही पुरते. तिचं सार मी लोकांना एका अक्षरात सांगते: ‘च’. लोकांनी वाचावं, ही इच्छा झाली. लोकांनी वाचलंच पाहिजे, हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हिरमुसतो, हट्ट पुरा झाला नाही तर धुमसतो. हा ‘च’ दाखवला की बहुतेकांना पटतं आणि ते हसतात. काकाही हसले. मी त्यांना तीन दिवस काही न टाकण्याचा प्रयोग दिला.

चौथ्या दिवशी ते आले. “काही नाही टाकलं. पण तीन दिवसांत टाकण्यासारखे सतरा लेख सापडले. बाजूला काढून ठेवलेत.”

म्हणजे ‘च’ जागचा हललाही नव्हता. माझं कुठेतरी चुकत होतं.

मग मी विचारायचं सोडलं आणि बघायला लागले. त्यांच्या रात्रीचा क्रम ऐकला. फेसबुक आणि गटांवर टाकलेलं सगळं काही ते व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही ठेवत. रात्री अकराला बायको झोपली की स्वयंपाकघरात जायचं, दिवा न लावता, फ्रीजला टेकून. स्टेटसखालच्या डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं की कुणी कुणी बघितलं त्याची नावं येतात. ती यादी वरून खाली वाचायची आणि मग झोपायचं.

“नावं वाचता? आकडा नाही बघत?”

“आकडा काय, वर दिसतोच. नावं वाचतो.”

हे मला नवीन होतं. दादेची भूक असलेला माणूस आकडा बघतो. नावं वाचणारा कुणालातरी शोधत असतो.

मी त्यांना महिनाभरात टाकलेल्या सगळ्या लेखांची यादी करून आणायला सांगितलं. बँकेतला माणूस, खतावणीच घेऊन आला. आखीव कागद, तारीख, विषय, कुठे टाकला, प्रतिसाद किती, आणि शेवटी लाल शाईने बेरीज. एकूण नोंदी ६३.

मी त्यांच्याकडे पेन्सिल दिली. “आणखी एक रकाना आखा. वर लिहा, ‘कुणी वाचावं म्हणून?’ आणि भरा. जास्त विचार करू नका.”

पहिल्या ओळीवर ते अडखळले. “सगळ्यांनीच.”

“एक नाव लिहा. सुचलं नाही तर मोकळं सोडा.”

पुढची दहा-बारा मिनिटं मी काहीही बोलले नाही. समुपदेशकाला बोलायला शिकवतात त्यापेक्षा गप्प बसायला जास्त शिकवायला हवं, असं माझं जुनं मत आहे. आधी पेन्सिल भरभर चालली. मग मंदावली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांनी पहिलं पान परत उलटून बघितलं. नंतर पेन्सिल खाली ठेवून चष्मा काढला, पुसला, आणि न घालताच हातात धरून बसले.

कागद मी माझ्याकडे ओढला. ९ ठिकाणी पुतण्याचं नाव होतं. १३ ओळी मोकळ्या. उरलेल्या ४१ ओळींत एकच अक्षर होतं: श.

“श. कोण?”

श. म्हणजे कॉलेजातला मित्र. नव्वदीच्या सुरुवातीला दोघं सायकलवर टांग मारून लॉ कॉलेज रस्त्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे खेळ बघायला जात. सिनेमा तासा-दीड तासाचा असायचा, त्यानंतर टपरीवर चहा घेत वाद मात्र तीन तासांचा. पंचमच्या कॅसेटी श.च्या होत्या. गायतोंडे हे नाव काकांनी पहिल्यांदा ऐकलं तेही श.च्या तोंडून. नोकरीने तो पुढे नागपूरला गेला.

“आता बोलणं असतं?”

“२०१९ पासून नाही.” त्या वर्षी निवडणुकीच्या धामधुमीत श.ने काहीतरी टाकलं होतं. काकांना ते पटलं नाही. सगळ्यांसमोर त्यांनी खाली लिहिलं, ‘वाचन कमी पडतंय तुझं.’ श.ने उत्तर दिलं नाही, काकांना यादीतून काढलंही नाही. “रोज रात्री माझं स्टेटस बघतो तो. नाव दिसतं ना. बोलत नाही.”

मी यादीकडे परत बघितलं. चित्रकलेसमोर श., सिनेमासमोर श., पंचमसमोर श. हे समजण्यासारखं होतं. पण राजकारणावरच्या लेखांसमोरही श.च होता. हे लेख काकांच्या बाजूचे, श.च्या मताच्या अगदी उलट. पाच वर्षं ते ती एकच वादाची बैठक एकट्याने चालवत होते. मनवायचा तोही श. आणि हरवायचा तोही श.

मी म्हटलं, “म्हणजे ज्याला तुम्ही वाचन कमी पडतंय म्हणालात, त्यालाच पाच वर्षं रोज वाचायला पाठवताय.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा घातला आणि यादी परत हातात घेतली. लाल शाईतल्या बेरजेवर पेन्सिलीने हळूच एक आडवी रेघ मारली.

वीस वर्षांच्या कामात असे क्षण बोटावर मोजण्याइतके आले असतील. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेले, रिक्षा केली नाही.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की तुम्हीही ‘वाचतं कोण’ म्हणून कुढत असाल तर पेन्सिलीचा तो रकाना एकदा भरून बघा. प्रत्येकाचा श. निघेलच असं नाही. त्या चित्र काढणाऱ्या मुलीच्या रकान्यात तिचे वडील निघाले. मुख्याध्यापिकाबाईंचा रकाना सगळा मोकळा राहिला. त्यांच्या लक्षात आलं की आपण अजून प्रार्थनेनंतरचा सुविचार सांगतोय, फक्त शाळा उरलेली नाही. त्या आता वस्तीतल्या चार मुलांना वाचून दाखवतात. इंजिनिअरच्या रकान्यात मात्र सगळीकडे त्याचं स्वतःचंच नाव आलं, आणि ते काम अजून चालू आहे.

ज्या ओळी मोकळ्या राहतील, त्यांच्या बाबतीत शांततेचा अर्थ लावायची घाई करू नका. तुमचा लेख बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतच नाही. २०१८च्या जानेवारीत फेसबुकने जाहीरच केलं होतं, की माध्यमांच्या मजकुरापेक्षा मित्र-नातेवाइकांची आपापसातली बोलणी यापुढे वर दाखवली जातील. म्हणजे तुम्ही निव्वळ दुवा चिकटवला तर तो तळाशी जायची शक्यता जास्त, आणि तुम्ही मात्र वहिनींनी मुद्दाम दुर्लक्ष केलं म्हणून रुसून बसता. शिवाय लोकांचं आपल्याकडे जितकं लक्ष आहे असं आपल्याला वाटतं, तितकं ते नसतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, त्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. निम्म्या खोलीने आपल्याला बघितलं असणार, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आलं होतं. हे कळल्यावर काहींना वाईट वाटतं. मला तर हायसं वाटतं.

आणि स्वतः पूर्ण वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका, हे सांगायलाही संकोच वाटतो, पण सांगावं लागतं. २०२० साली ट्विटरनेसुद्धा लेख न उघडताच पुढे ढकलणाऱ्यांना ‘आधी वाचायचाय का?’ असं विचारून बघायला सुरुवात केली होती. काकांना विचारलं तेव्हा ६३ पैकी २० लेख त्यांनी शेवटपर्यंत वाचले नव्हते. त्यातले बहुतेक राजकारणावरचे होते. मथळा वाचला, दारूगोळा हाती आला, डागला.

लेख ज्याच्यासाठी आहे त्याला एकट्याला पाठवा आणि तो त्यालाच का पाठवावासा वाटला हे दोन ओळी तुमच्या भाषेत लिहा. त्या दोन ओळी सुचत नसतील तर लेख ठेवून द्या. राजकारणाचं म्हणाल तर ज्याच्याशी वर्षभरात हवापाण्याचं, पोराबाळांचं बोलणं झालेलं नाही, त्याला मतपरिवर्तनाचा लेख पाठवण्यात काही अर्थ नाही. आधी फोन करा. (हा स्तंभ लिहून झाला की मीही दोनदा-तीनदा प्रतिसाद उघडून बघते. तेव्हा मला साधू समजू नका.)

काकांना श.ला लिहायला तीन भेटी लागल्या. पहिला मसुदा दीड पानाचा होता आणि त्यातलं एक पान राजकारण होतं. दुसरा बरा होता, पण मला वाचून दाखवताना शेवटी ते जरा रेंगाळले.

“खाली काय आहे?”

“काही नाही. एक छोटासा लेख जोडलाय. संग्रहालयावरचा. त्याला आवडेल.”

“लिंक काढा, काका.” मी त्यांना काका म्हटलं ते तेवढ्या एकाच वेळी.

तिसरा मसुदा गेला. त्यात २०१९च्या त्या वाक्याबद्दल एक ओळ होती आणि बाकी सगळी एका संध्याकाळची आठवण. पावसाळी दिवस, जपानी सिनेमा, येताना श.ची सायकल पंक्चर, दोघं डेक्कनपर्यंत चालत. नऊ दिवस उत्तर आलं नाही. त्या नऊ दिवसांत काकांनी मला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा भलत्याच विषयावर बोलले.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. सिनेमा जपानी नव्हता, हंगेरियन होता. पंक्चर सायकल तुझी होती, माझी नव्हे. आणि चहाचे पैसे तू अजून दिलेले नाहीस.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, “स्टेटस बंद केलं का?”

“छे. रोज एक जातो. घरच्या गटावर मात्र आता फक्त पंचम, तोही रविवारी.” मग थोडं थांबून म्हणाले, “श.ने काल राजकारणावरचा एक लेख पाठवला. त्याच्या बाजूचा.”

“वाचलात?”

“अर्धा. डोकं फिरलं. मग चहा केला.” ते उठले, चपला घातल्या. “उरलेला आज रात्री वाचतो.”