खिळा, घाट आणि विहिरीतला सूर

दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्या मंडळींची पत्रे दर वर्षी येतात आणि समुद्रातल्या बुडीबद्दलचा गोंधळ तोच असतो, म्हणून यंदा एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : लहानपणापासून विहिरीत सूर मारतो. समुद्रात बुडालेल्या जुन्या शिडाच्या जहाजापर्यंत जाता येईल का? (दर्यापूर)

उत्तर : तेवढ्या बळावर नाही.

प्रश्न : मालवणला अर्ध्या तासात स्कुबाचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारण्याचे, प्रमाणपत्र मिळाले. ते जहाजासाठी चालेल का? (रिसोड)

उत्तर : तो आठवणीचा कागद आहे, आणि फोटोसोबत असे रंगीत कागद वाटणाऱ्यांनी लोकांची फार दिशाभूल केली आहे. रीतसर प्राथमिक अभ्यासक्रमानंतरही १८ मीटरपर्यंतचीच मुभा मिळते. जहाजाच्या पोटात शिरण्याचे शिक्षण निराळे. तिथे पायाच्या एका फटक्याने गाळ उठला की आत आलेली वाट दिसेनाशी होते. मान्यताप्राप्त प्रशिक्षकाला विचारा.

प्रश्न : मुलगा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक आहे, त्रास काही नाही. स्कुबा शिकू द्यावे का? (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : सिकलसेलच्या रुग्णाने बुडी मारू नये. वाहकाने रक्तविकारतज्ज्ञांचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय नाव नोंदवू नये. ‘शेजारच्या मुलाला काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी पुतण्याने इंग्लंडमध्ये बुडी मारून जुन्या शिडाच्या जहाजाचा लोखंडी खिळा आणला. आता त्याचे पापुद्रे सुटतात. रॉकेल लावू का? (आर्वी)

उत्तर : रॉकेल लावू नका, घासू नका आणि पुतण्याचे कौतुकही करू नका. समुद्रात दीर्घकाळ राहिलेल्या लोखंडात क्षार खोलवर मुरतात आणि हवा लागताच आतून गंज फुलवतात. ते काढण्यासाठी तज्ज्ञ अशी वस्तू अल्कधर्मी द्रावणात महिनोन्‌महिने बुडवून ठेवतात. लाकडाचेही तसेच. विहिरीच्या तळाचे जांभळाचे लाकूड पाण्यात टिकते आणि बाहेर काढून उन्हात टाकले की तडकते, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. १६२८ मध्ये बुडालेले स्वीडनचे ‘वासा’ जहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर त्यावर १७ वर्षे रसायन फवारावे लागले, ते याचसाठी. शिवाय लाकूड समुद्रकिड्यांनी खाल्ल्यावर सांगाड्याचा अंदाज बांधायचा तो खिळे कुठे आणि किती अंतरावर पडले आहेत यावरूनच, आणि त्यातला एक तुमच्या शोकेसमध्ये आहे. ब्रिटनमध्ये अशी वस्तू वर काढल्यापासून २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या सरकारी अधिकाऱ्याला कळवावी लागते. ती मुदत केव्हाच उलटली, म्हणून पुतण्याला आजच तिकडे लिहायला लावा, आणि खिळ्याला हात लावण्यापूर्वी नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, विचारा.

प्रश्न : सकाळी बुडी मारून दुपारी आंबोली घाटाने परत निघालो तर? आम्ही विमानाने थोडेच जातो! (लाखांदूर)

उत्तर : शरीराला विमान की जीप ते कळत नाही, उंची कळते, आणि घाटमाथा सुमारे ७०० मीटरवर आहे. बुडीत अंगात मुरलेला नायट्रोजन उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे होऊन त्रास देतो. विमानासाठी एका बुडीनंतर किमान १२ आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबतात. घाटासाठी प्रशिक्षकाला विचारा आणि शंका असेल तर मुक्काम करा. बुडीनंतर खांदा ठणकू लागला किंवा हातापायांना मुंग्या आल्या, तर चमक भरली म्हणून तेल चोळत बसू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा आणि बुडी मारली होती हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.