वाचक विचारतात : जुन्या फोर-बाय-फोर गाडीत नवे भाग बसवताना

गेल्या काही अंकांपासून जुन्या, खडतर वाटेवर चालणाऱ्या गाड्यांविषयीची पत्रे वाढली आहेत. त्यांपैकी घरच्या घरी करण्याच्या सुधारणांसंबंधीचे पाच प्रश्न या वेळी घेत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे १९६० च्या दशकातली, ८८ इंची व्हीलबेसची (पुढच्या व मागच्या चाकांच्या केंद्रांमधले अंतर) लँड रोव्हर आहे. २.२५ लिटरचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारे जुन्या पद्धतीचे जनित्र) असे सगळे मूळचेच आहे. सवडीने काम करून तिला डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि जमल्यास नवे इंजिन बसवण्याचा विचार आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : ब्रेकपासून करावी, आणि ब्रेकचे काम पूर्ण होऊन गाडी पुरेशी चालवून पाहिल्याखेरीज दुसरे काहीही उघडू नये. पुष्कळ जण उलट्या क्रमाने जातात, कारण इंजिनाचे काम डोळ्यांत भरते आणि ब्रेकचे भरत नाही. मग वाढलेल्या ताकदीची गाडी साठ वर्षांपूर्वीच्या ड्रमवर थांबवण्याची पाळी येते. शिवाय चार बदल एकदम केले आणि काही बिघडले, तर तो दोष कोणत्या बदलामुळे आला हे शोधण्यातच सगळी सवड संपते.

डिस्कचा संच चाकावर चढवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. खरे काम मास्टर सिलेंडरपाशी, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल नळ्यांत ढकलणाऱ्या सिलेंडरपाशी असते. कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) मोठ्या पिस्टनला ड्रममधल्या छोट्या व्हील सिलेंडरपेक्षा जास्त तेल लागते, त्यामुळे पेडल खोल जाते, आणि मग मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलेंडर बसवण्याचा सल्ला कोणीतरी हमखास देतो. येथे थोडे गणित करून पाहावे. पाऊण इंची बोअरऐवजी एक इंची बोअर घेतला, तर पेडलच्या तेवढ्याच हालचालीत सुमारे १.८ पट तेल सरकते, परंतु पायाचा जोर तोच असल्यास तेलातला दाब मूळच्या ५६ टक्क्यांवर येतो. पेडल वर राहते, पायाला कडक आणि भरवशाचे लागते, आणि गाडी मात्र थांबायला जास्त अंतर घेते. त्यातच ड्रममधला पुढचा शू (ड्रमला आतून घासणारी कमान) फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप घट्ट होत असतो. डिस्कला ही मदत मिळत नाही, म्हणून तिला मुळातच जास्त दाब हवा असतो. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की डिस्कसोबत बूस्टर, म्हणजे व्हॅक्युमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा भाग, का घ्यावा लागतो हे लक्षात येते. बूस्टरला लागणारा व्हॅक्युम पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतो. पुढे डिझेल इंजिन बसवण्याचा बेत असेल तर वेगळा व्हॅक्युम पंप लागेल, हे आजच वहीत टिपून ठेवावे.

मास्टर सिलेंडर बदलतोच आहोत, तर तो दोन स्वतंत्र कप्प्यांचा, म्हणजे टँडम पद्धतीचा घ्यावा. आपल्या गाडीच्या काळातल्या अनेक गाड्यांमध्ये चारही चाकांना एकच तेलमार्ग असे, आणि एक नळी फुटली की पेडल सरळ तळाला जात असे. माझ्या मते हा एकटा बदल डिस्कपेक्षाही मोलाचा आहे, आणि मागे-पुढे ड्रमच ठेवायचे ठरवले तरी तो करण्यासारखा आहे. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलेंडरच्या तोंडाशी पुष्कळदा सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच ठेवून पुढे डिस्क जोडल्या तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाके तापतात. ज्या जुन्या गाड्यांमध्ये मास्टर सिलेंडर पायाखालच्या पत्र्याखाली, कॅलिपरच्या पातळीच्याही खाली असतो, तेथे तेल मागे उतरू नये म्हणून डिस्कच्या मार्गावर २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लावतात.

पुढे डिस्क आणि मागे ड्रम असल्यास मागचा दाब मर्यादित करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो. जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत, कारण तसे झाले की गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. ही चाचणी मोकळ्या, सपाट जागेवर अगदी कमी वेगाने सुरू करून हळूहळू वाढवत न्यावी. ब्रेकच्या तेलाबाबत एवढेच की डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही एका जातीची आहेत, डॉट ५ मात्र सिलिकॉनचे आहे आणि ते इतरांत कधीही मिसळू नये. क्रमांक जवळचे असल्याने ही गफलत सहज होते.

जुने ड्रम उघडण्यापूर्वी एक खबरदारी : त्या काळातल्या शूच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये. पाण्याने ओली करून पुसून घ्यावी, योग्य प्रतीचा मास्क लावावा आणि ती फडकी पिशवीत बंद करून टाकावीत.

प्रश्न : मी माझ्या जुन्या पिकअपचा डायनॅमो काढून ६५ अँपिअरचा अल्टरनेटर (नव्या पद्धतीचे जनित्र) बसवला. आता डॅशबोर्डवरच्या अँमिटरमागच्या (प्रवाह मोजणाऱ्या तबकडीमागच्या) वायरी हाताला गरम लागतात आणि नव्या एलईडी हेडलाइट अधूनमधून लुकलुकतात. अल्टरनेटर सदोष आहे का?

उत्तर : तशी शक्यता कमी आहे. जुन्या रचनेत चार्जिंगचा सगळा प्रवाह इंजिनापासून डॅशबोर्डवरच्या अँमिटरपर्यंत आणि तेथून परत बॅटरीकडे फिरतो. हे अँमिटर बहुधा ३० अँपिअरपर्यंतचे असतात आणि त्यांच्या वायरीही त्याच मापाच्या असतात. बॅटरी उतरलेली असताना आपला अल्टरनेटर त्याच वाटेने दुपटीच्या आसपास प्रवाह ढकलू शकतो. वायर गरम होते याचा अर्थ ती आपल्याला सूचना देत आहे. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवू नये. अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलपासून थेट बॅटरीपर्यंत जाड केबल टाकावी, लांबीनुसार १० ते १६ चौरस मिलिमीटरची, आणि बॅटरीच्या टोकाशी तिला योग्य क्षमतेचा फ्यूज द्यावा. अँमिटर मार्गातून काढून त्याच्या जागी व्होल्टमीटर लावावा. इंजिन चालू असताना काटा साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असला की चार्जिंग ठीक आहे असे समजावे. अँमिटरची तबकडी दिसायला हवीच असेल, तर ती शोभेपुरती ठेवायला हरकत नाही.

लुकलुकण्याचे मूळ बहुधा अर्थिंगमध्ये, म्हणजे प्रवाह चासीमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडांत सापडेल. साध्या दिव्याला अर्धवट जोड चालून जातो, तो थोडा मंद जळतो एवढेच. एलईडीच्या आतले सर्किट मात्र व्होल्टेज एका पातळीखाली गेले की बंद पडते आणि वर आले की पुन्हा सुरू होते. हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी दिव्याच्या अर्थच्या स्क्रूवर टेकवावी. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर मधल्या कोठल्यातरी जोडावर गंज किंवा रंग आहे. जोडाखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडावा, दातेरी वायसर घालून नट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. इंजिन ते चासी आणि चासी ते बॉडी अशा दोन स्वतंत्र अर्थ-पट्ट्या नव्याने टाकणे सर्वांत उत्तम. ज्यांची बॉडी अॅल्युमिनियमची आणि चासी पोलादी आहे, त्यांनी बोल्टांच्या भरवशावर अर्थिंग मुळीच सोडू नये. त्या दोन धातूंच्या जोडात ओल शिरली की अॅल्युमिनियम पांढरे पडून झिजते.

याच विषयावर आणखी दोन बारकावे. गाडी मुळात धन-अर्थची असेल, म्हणजे बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असेल, तर अल्टरनेटर जोडण्याआधी सगळी रचना ऋण-अर्थची करून घ्यावी. उलट जोडलेल्या बॅटरीपुढे अल्टरनेटरचे डायोड क्षणभरही टिकत नाहीत. आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा एलईडीचा करू नये. त्या साध्या बल्बमधून जाणाऱ्या थोड्याशा प्रवाहानेच अनेक अल्टरनेटर सुरुवातीला जागे होतात. एलईडी तेवढा प्रवाह जाऊ देत नाही, आणि मग चांगला अल्टरनेटर नादुरुस्त ठरवून बदलला जातो.

प्रश्न : माझ्या टोयोटा एफजे४० ला सहा सिलेंडरचे मूळ इंजिन आहे. तीव्र चढावर आणि आडव्या उतारावर ते गुदमरते. कार्ब्युरेटर काढून बाजारात मिळणारा थ्रॉटल-बॉडी फ्युएल इंजेक्शनचा संच बसवल्यास फरक पडेल का? तो घरी बसवता येईल का?

उत्तर : आपण सांगता ती लक्षणे कार्ब्युरेटरच्या रचनेतूनच येतात. त्याच्या वाटीतले पेट्रोल फ्लोटच्या आधाराने ठरावीक पातळीवर राहते. गाडी कलली की पातळी कलते आणि जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राला) एकतर जास्त पेट्रोल मिळते किंवा मिळतच नाही. इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाखाली येत असल्याने कलण्याचा तेवढा परिणाम होत नाही. फरक निश्चित पडेल, आणि या कामासाठी इंजेक्शनचा खर्च मला रास्त वाटतो. केवळ मायलेजच्या आशेने कोणी विचारले असते, तर कार्ब्युरेटर नीट साफ करून जुळवून घ्या, एवढेच सांगितले असते.

काम घरी होण्यासारखे आहे, परंतु संचाच्या खोक्यात जे येते त्यापेक्षा खोक्याबाहेरची तयारी मोठी असते. कार्ब्युरेटरचा पंप जेमतेम पाव ते तृतीयांश बार दाब देतो. इंजेक्शनला बहुधा ३ ते ४ बार लागतो. जुन्या रबरी नळ्या, त्यांचे साधे क्लॅम्प आणि गंजलेली पोलादी लाइन यांपैकी काहीही या दाबासाठी बनवलेले नाही. टाकीपासून इंजिनापर्यंतची सगळी लाइन इंजेक्शनच्या दाबाला मान्य असलेल्या नळीने नव्याने टाकावी आणि ती एक्झॉस्टपासून दूर न्यावी. उरलेले पेट्रोल परत नेणारी रिटर्न लाइन लागते का हे संचाच्या पुस्तिकेत पाहावे. लागत असेल तर ती टाकीत वरच्या बाजूने सोडावी. इंजिन बंद पडताच पंपही बंद झाला पाहिजे, एवढेच नव्हे तर धडक बसल्यास पुरवठा तोडणारा स्विचही असावा.

टाकीकडे मात्र दुर्लक्ष होते. जुन्या टाकीत आडपडदे नसतील तर चढावर पेट्रोल एका बाजूला जाते, पंप हवा ओढतो, आणि ज्या गुदमरण्यासाठी एवढा खटाटोप केला ते नव्या कारणाने परत येते. उपाय म्हणजे आडपडद्यांची टाकी, किंवा मुख्य टाकी आणि इंजेक्शन पंप यांच्यामध्ये लिटर-दोन लिटरची उभट सर्ज टाकी (पंपासाठी पेट्रोल राखून ठेवणारी).

संच मागवण्यापूर्वी चारदोन साध्या तपासण्या कराव्यात. कॉम्प्रेशन सर्व सिलेंडरांत जवळपास सारखे आहे का, इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरते का, एक्झॉस्ट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कोठे गळतो का हे पाहावे. गळक्या एक्झॉस्टमधून बाहेरची हवा आत आली की सेन्सरला मिश्रण पातळ वाटते आणि कॉम्प्युटर विनाकारण पेट्रोल वाढवत राहतो. स्पार्क प्लगच्या वायरी रेझिस्टर प्रकारच्या घ्याव्यात. जुन्या तांब्याच्या तारेच्या वायरींतून निघणारा विद्युत-गोंगाट कॉम्प्युटरला सहन होत नाही.

प्रश्न : लँड रोव्हर सिरीजला दुप्पट ताकदीचे टर्बो डिझेल इंजिन बसवावे, की मूळ इंजिन ठेवून ४.७ ऐवजी ३.५४ गुणोत्तराचे डिफरन्शियल (एक्सलमधला गिअरसंच) घालावे? मला हमरस्त्यावर इंजिनाचा आरडाओरडा कमी हवा आहे.

उत्तर : मागणी एवढीच असेल तर इंजिनाला हात लावू नये. ३.५४ च्या डिफरन्शियलने त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे २५ टक्क्यांनी उतरतात. पुढचे आणि मागचे डिफरन्शियल एकत्रच बदलावे लागते. एकच बदलले आणि फोर-व्हील लावले, तर दोन्ही एक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतील आणि काहीतरी तुटेल. किंमत मोजावी लागते ती लो रेंजमध्ये (खडतर वाटेसाठीच्या संथ गिअरमध्ये) : पहिला गिअरही तेवढाच उंचावतो आणि खडकाळ उतारावर गाडी पूर्वीइतकी रांगत नाही. ज्यांना दोन्ही हवे त्यांच्यासाठी ओव्हरड्राइव्ह (हमरस्त्यावर फेरे उतरवणारा जादा गिअर) बरा. टर्बो डिझेलचा मार्ग धरला, तर गिअरबॉक्स, मागचे हाफ-शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे), रेडिएटर आणि क्लच हे सगळे ओघाने आलेच.

प्रश्न : घरी कोणते काम मुळीच करू नये?

उत्तर : स्टिअरिंगच्या दांड्यांचे आणि शाफ्टचे वेल्डिंग, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणारा फिरता दांडा) लांब-आखूड करून त्याचे बॅलन्सिंग, आणि सीट बेल्टचे आधार चासीला जोडणे ही कामे अनुभवी आणि साधनसज्ज माणसाकडून करून घ्यावीत. सीट बेल्ट नुसत्या पातळ पत्र्याला बोल्टने कसलेले अनेक जण दाखवतात. धडकेत तो बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स बसवताना चासीच्या पोकळ रेलला नुसती आरपार भोके पाडू नयेत. आत पोलादी नळीचे तुकडे घालून ते वेल्ड करावे लागतात, नाहीतर बोल्ट आवळताना रेल चेपते आणि पुढे त्याच ठिकाणी तडे जातात.

इतर वेल्डिंग घरी करणार असाल, तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवाव्यात आणि जवळची पेट्रोलची लाइन काढून ठेवावी. वेल्डिंगची जागा क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसू नये, कारण त्याचा अंश राहिला तर उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. त्याऐवजी अॅसिटोन वापरून ते पूर्ण वाळू द्यावे. गाडीखाली जाताना ती नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये. कठीण जमिनीवर स्टँड लावून, गाडी हाताने जोरात हलवून ती पक्की बसल्याची खात्री करावी आणि मगच आत शिरावे.