पोटाचं ऑपरेशन, मग खांदा का दुखतो?

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ४६, धायरीला राहते. फायब्रॉइड (गर्भपिशवीतली साधी गाठ) आहे म्हणून दुर्बिणीतून गर्भपिशवी काढायला सांगितलीय. नणंदेचं हेच ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्या दिवशी तिचा उजवा खांदा असा ठणकायला लागला की घरच्यांना वाटलं हार्टचंच काहीतरी. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा कसा काय दुखतो? आणि आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हणे, खरंय का?

उत्तर: ताई, तो गॅसचा प्रताप. आतलं नीट दिसावं म्हणून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, त्यातला थोडा मागे राहतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला त्रास देतो, आता त्या पडद्याची नस येते मानेतून आणि खांद्याच्या कातडीची पण तिथूनच, मग मेंदूची गफलत होते नि दुखतं खांद्यात. दोन-तीन दिवसांत बहुतेक थांबतं. पण छातीत दाब, दम लागणं, घाम असं काही झालं तर "गॅसच असेल" म्हणत घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

गॅसचा दाब साधारण १२ ते १५ ठेवतात, बीपी मोजतो त्याच मापात. काही सर्जन त्याहून कमीवर करतात, विचारून बघा, पण हट्ट नको, कारण नीट दिसलं नाही तर शेजारीच आतडं आणि मूत्रवाहिनी आहे. खरी मेख शेवटी असते: टाके घालायच्या आधी भूलतज्ज्ञ फुप्फुसं चार-पाचदा मोठी फुगवतात आणि उरलेला गॅस बाहेर ढकलला जातो, दोन मिनिटांचं काम, पण माझ्या मते घाईत हेच राहून जातं.

पाण्याचं म्हणाल तर जेवण ६ तास आधी बंद, तळलेलं असेल तर ८, साधं पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालतं. डायबिटीस असेल तर भूलतज्ज्ञ सांगतील तेच.

तुम्ही न विचारलेलं एक सांगते. फायब्रॉइड मोठा असेल तर गर्भपिशवी बाहेर कशी काढणार ते विचारा. मशिनने पोटातच तुकडे करण्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये इशारा दिला होता, कारण क्वचित फायब्रॉइड वाटतो तो कॅन्सर निघतो आणि तुकडे करताना पोटभर पसरतो. योनीमार्गातून अखंड निघत असेल तर उत्तमच, नाहीतर बंद बॅगेत घालून तुकडे करतात का ते बघा.

आणि सिझर झालंय का ते लिहिलंच नाहीत! झालं असेल तर सर्जनना आधीच सांगा, आत चिकटलेलं असू शकतं, मग पहिलं छिद्र बेंबीपाशी न घेता कधीकधी डाव्या बरगडीखाली घेतात.