तोंडाची दुर्गंधी आणि प्रोबायोटिक गोळ्या

प्रश्न : दोनदा दात घासूनही तोंडाला वास येतो. रोज ताक पितो. प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंच्या) गोळ्या घेऊ का?

उत्तर : ताक चांगलंच, पण त्यातले जिवाणू तोंडात मुक्काम करत नाहीत. वास बहुधा जिभेच्या मागच्या भागावरील थरातून येतो. तिथले जिवाणू प्रथिनं कुजवून गंधकयुक्त वायू सोडतात. 'स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस के१२' हा तोंडात राहणारा उपयुक्त जिवाणू असलेली चोखायची गोळी घ्या. गिळायची कॅप्सूल इथे निरुपयोगी. रात्री दात घासून टंग क्लीनरने जीभ मागून पुढे खरवडा, मग गोळी न चावता विरघळू द्या. नंतर पाणी, माउथवॉश काही नको. थर तसाच ठेवला तर गोळीतल्या नव्या जिवाणूंना जागाच मिळत नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं. हिरड्यांतून रक्त येत असेल तर मात्र आधी दंतवैद्य गाठा.